तीन पडद्यांची मास्तरीण

आमच्या सूनबाईच्या खुर्चीमागे भिंतीला एक दांडी आहे, आणि त्या दांडीवरचे पडदे बदलणं ही माझी नोकरी. पगार नाही, रजा नाही, वर बोलणीही खायची. म्हणजे थोडक्यात तिच्यासारखीच नोकरी. फरक इतकाच की तिला लोक ‘मॅडम’ म्हणतात आणि मला ‘आई, तो हिरवा कुठे ठेवलात?’

सूनबाई संख्याशास्त्र शिकवते. घरी बसून, कॉम्प्युटरसमोर, तीन वेगवेगळ्या कॉलेजांना. तीन कशाला, एक का नाही, असं मीही सुरुवातीला विचारलं होतं. तर त्याचं असं आहे, की कुठलंही कॉलेज तिला दोनपेक्षा जास्त वर्ग देत नाही. तिसरा वर्ग दिला तर ती त्यांची खरी नोकर ठरते, मग रजा आली, आजारपण आलं, औषधपाणी आलं. त्यापेक्षा दोनच द्यायचे आणि ‘अर्धवेळ’ म्हणायचं. अशी तीन ठिकाणची अर्धी अर्धी वेळ गोळा करून आमची सूनबाई सकाळी नाश्त्याला जी खुर्चीत बसते ती दिवेलागणीपर्यंत उठत नाही. अर्धवेळ म्हणे! उरलेला अर्धा कुठे असतो तो मला कुणी तरी दाखवा.

पैसे मिळतात ते फक्त ती स्क्रीनवर दिसते तेवढ्या तासांचे. पेपर काढणं, पेपर तपासणं, ‘मॅडम, मला कळलं नाही’ला उत्तर देणं, ‘मॅडम, आज माझी शिफ्ट होती’ ऐकून घेणं, हे सगळं धर्मादाय. मी जन्मभर वॉर्डात सिस्टर होते. आमच्याकडे पुढच्या पाळीच्या बाईला रुग्णांची माहिती देणं हीसुद्धा ड्यूटीच धरायचे. हे मी तिला ऐकवलं तेव्हा ती हसली.

“आई, तुमचे रुग्ण निदान डोळ्यांना दिसायचे तरी.”

तेही खरंच. तिचे विद्यार्थी म्हणजे नुसत्या काळ्या चौकटी. कॅमेरा कुणीही उघडत नाही. बहुतेक नोकरी करणारी माणसं, कुणी बसमध्ये, कुणी दुकानाच्या मागे, कुणी पोराला मांडीवर घेऊन. चौकटीत आद्याक्षरं आणि रोल नंबर. ही बिचारी त्या काळोखाकडे बघून हसते, विनोद करते, ‘कळतंय ना?’ विचारते, आणि उत्तर म्हणून कुणीतरी एक अंगठा टाकतं. मी तर चार दिवसांत वेडी झाले असते.

पडद्यांची युक्ती माझी. तीन कॉलेजं, तीन अभ्यासक्रम, आणि मध्ये जेमतेम पाणी प्यायची सवड. पहिल्याच सत्रात तिनं एका कॉलेजच्या मुलांना दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षेची तारीख सांगून टाकली आणि नुसती पळापळ झाली. वॉर्डात आम्ही औषधांच्या ट्रेला रंगीत पट्ट्या लावायचो, म्हणजे कितीही दमलेली बाई असली तरी हात चुकीच्या ट्रेकडे जायचा नाही. मी म्हटलं, तसंच करू. एका कॉलेजला हिरवा पडदा, एकाला पिवळा, एकाला निळ्या पट्ट्यांचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं छोटं चित्र दिसतं. त्यात मागचा रंग बघायचा, की आपण कुठे आहोत आणि कुठला धडा चालू आहे ते डोक्यात येतं. तास संपला की मी स्टुलावर, जुना पडदा खाली, नवा वर. माझी नात खारूताई पहिलीत आहे. ती खालून चिमटे देते आणि मला ‘हळू गं आजी’ करते.

हळूहळू असं झालं, की सूनबाईचा स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या पडद्यावर जास्त विश्वास बसला. एकदा तर भर तासात तिच्या तोंडून निघून गेलं, “थांबा, तुम्ही हिरवे ना?” मुलांनी विचारलं, हिरवे म्हणजे काय? हिला काही खोटं बोलता येत नाही. सगळं सांगून बसली. तेव्हापासून ती मुलं स्वतःला ‘हिरवे’च म्हणवून घेऊ लागली. कॉलेजला मात्र हे पसंत पडलं नसतं. त्यांच्या जाहिरातीत ‘आमचे प्राध्यापक’ असं लिहिलेलं असतं आणि ‘आमचे’ म्हणजे कितव्या हिश्शानं आमचे, ते लिहीत नाहीत.

मग तिचा आवाज बसू लागला.

आधी संध्याकाळी बसायचा, मग दुपारी, मग सकाळीच. फोनवर माझा मुलगा विचारायचा, “सर्दी झाली का गं?” तो थंड मालाचा ट्रक चालवतो, आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. त्याला सर्दीच वाटायची. मला नाही वाटली. माझी नोकरी संपली असली तरी कान संपलेले नाहीत. मी तिला हाताला धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं आणि आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी. ते म्हणाले, “छोटी शस्त्रक्रिया करायची आणि नंतर काही आठवडे तोंड बंद. पूर्ण बंद. असंच रेटत राहिलात तर एक दिवस हा आवाज परत यायचाच नाही.”

“सुट्टी लागली की करू,” ती म्हणाली.

कुठली सुट्टी? सत्र संपलं की तपासणी, तपासणी संपली की नवं सत्र. मध्येच थांबली तर वर्ग दुसऱ्या कुणाला जाणार, आणि गेलेला वर्ग परत येत नाही. काही आठवडे गप्प बसायचं म्हणजे काही आठवडे तिन्हीकडून शून्य. आमचं घर दोघांच्या कमाईवर चालतं. माझं निवृत्तिवेतन भाजीत मिठाएवढं. घरी येताना ती रस्ताभर बोलली नाही, आणि मला नेमकं कळेना की डॉक्टरांचं ऐकतेय की रडू दाबतेय. मी तिचा हात सोडला नाही.

अशात हिरव्या कॉलेजात एक कायम जागा निघाली. एकच. कायम म्हणजे पगार, रजा, आणि आजारपणाची भरपगारी रजा पहिल्या दिवसापासून. म्हणजे आवाज! दुसरं काही मला दिसतच नव्हतं. हिनं अर्ज केला. निरोप आला, की विभागातल्या एक बाई तुमच्या वर्गात निरीक्षणाला बसतील, विद्यार्थ्यांचा सहभाग कसा आहे ते बघतील, आणि त्यांच्या अहवालावर ठरेल.

“सहभाग!” मी म्हटलं. “काळ्या चौकटींचा?”

“आई, प्लीज,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग मी गप्प बसले. माझं गप्प बसणं काय असतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बसले.

निरीक्षणाच्या दिवशी माझं डोकं जरा जास्तच चाललं. आधी निळ्यांचा तास, मग लगेच हिरव्यांचा, तोच निरीक्षणाचा, आणि त्यानंतर पिवळ्यांचा. हिरवा पडदा मी धुऊन ठेवला होता, पण चुरगळला होता. एवढी मोठी बाई बघायला येणार आणि मागे सुरकुत्या? निळ्यांचा तास चालू असताना मी इस्त्री काढली. दारावरची बेल वाजली, गॅसवाला होता. दोन शब्द बोलून परत येते तर हिरव्या पडद्याच्या बरोबर मधोमध इस्त्रीएवढं तपकिरी भोक!

आतून ऐकू येत होतं, “तर आज इथे थांबू,” म्हणजे तास संपला. मी काय केलं? पिवळा उचलला आणि स्टुलावर चढले. म्हटलं, पडदा म्हणजे पडदा. स्वच्छ आहे ना, झालं. त्या बाईंना काय कळणार आहे? आणि सूनबाईला सांगितलं नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतलेल्या माणसाला आम्ही ‘बाई, सुरी सापडत नाहीये’ असं कधी सांगत नसू. ती गुळण्या करून आली, गरम पाण्याचा घोट घेतला, आणि मागे न बघता खुर्चीत बसली. मी खारूताईला घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिले, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी.

ठरल्या वेळी पुढचा वर्ग आपोआप उघडला, आणि सूनबाईनं कोपऱ्यातलं आपलं चित्र पाहिलं. मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, की ती क्षणभर गोंधळली आणि लगेच सावरली. निरीक्षण आधी आहे असं तिचं डोकं सांगत होतं. पडदा सांगत होता, की पिवळे आधी. तिनं पडद्याचं ऐकलं.

“नमस्कार मंडळी. आज आपण सरासरी म्हणजे काय, इथून सुरुवात करू या.”

सरासरी हिरव्यांनी केव्हाच केली होती. ते सहसंबंधावर होते. रोज कानावर पडून मलाही पाठ झालं होतं! मी हात हलवले. तिला दिसेनात. आत जावं तर त्या बाईंना मी दिसणार. ती आपली प्राणपणानं सरासरी समजावतेय, घसा खरवडतोय, आणि त्या काळ्या चौकटींतल्या कुठल्यातरी एकीत बसून त्या बाई अहवाल लिहितायत, की या उमेदवाराला आपला वर्ग कुठला हेही माहीत नाही. मी केलं होतं हे. एका इस्त्रीनं तिचा आवाज जाळला होता.

आणि मग एक चौकट उघडली.

त्यात एक मध्यमवयीन बाई होती, दवाखान्याच्या गणवेशात. तिनं मागच्या कपाटातून एक हिरवी चादर ओढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. सूनबाई बोलता बोलता अडखळली. तेवढ्यात दुसरी चौकट उघडली. दुकानदार, हातात भली मोठी ढोबळी मिरची. मग गाडीत बसलेला एक मुलगा, भांडी घासायचा हिरवा स्पंज घेऊन. तो त्याच्याकडे गाडीत का होता, देव जाणे. मग एकानं आपलं बाळच उचलून दाखवलं, हिरव्या झबल्यातलं. मग बादली, मग बाटली, मग कुणाचा तरी एकच हिरवा मोजा. कुणी तोंडातून ब्र काढेना. त्यांना ठाऊक होतं, की कुणीतरी ऐकतंय आणि तीन कॉलेजांची गोष्ट त्या ‘कुणीतरी’समोर बोलायची नाही. बघता बघता सगळा स्क्रीन माणसांनी आणि हिरव्या वस्तूंनी भरून गेला.

“आजी, एवढी माणसं आत होती?” खारूताई कुजबुजली.

सूनबाईनं मागे वळून पडदा पाहिला. मग दारातल्या मला पाहिलं. मग स्क्रीनकडे वळली आणि हसू लागली. डॉक्टरांनी हसायला बंदी केली होती, तरी हसली. हसता हसता घसा असा काही धरला, की पुढचा शब्दच उमटेना. तोंड उघडतंय आणि नुसती हवा येतेय.

मी आत जाणारच होते. पण ती दवाखान्यातली बाई बोलली, “मॅडम, तुम्ही थांबा. सहसंबंधाचं मागच्या वेळचं उदाहरण मी सांगते.” तिनं सांगितलं. मध्येच चुकली, तर मिरचीवाल्यानं अडवलं, “अहो, नाही, दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी वाढली असं होत नाही.” त्यावर बाळवाल्यानं शंका काढली. स्पंजवाला भांडायला उठला. सूनबाई बोटानं खुणा करत होती, मान हलवत होती, स्क्रीनवरच्या फलकावर एखादी रेघ ओढत होती, आणि ती सगळी जणं एकमेकांना शिकवत होती. तास संपेपर्यंत एकाही माणसानं कॅमेरा बंद केला नाही. इतकी वर्षं मी त्या दारात उभी राहून बडबडत आले, की ही पोरगी काळोखाला शिकवतेय. काळोख कसला! सगळे आत बसून ऐकत होते.

तास संपला. सगळे गेले, एक चौकट राहिली. ती उघडली. सूनबाईच्याच वयाच्या, थकलेल्या डोळ्यांच्या एक बाई. मागे धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

“मला एक सांगा,” त्या म्हणाल्या, “ते हिरवं काय होतं?”

मला वाटलं, आता तरी खोटं बोल गं. पर्यावरणाचा काही उपक्रम होता म्हण. पण आमची सूनबाई! उरल्यासुरल्या आवाजात तिनं सगळं सांगितलं. तीन कॉलेजं, तीन पडदे, नर्स असलेल्या सासूबाईंची इस्त्री, आणि घशातल्या गाठीसुद्धा.

त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मी दोन ठिकाणी आहे. तासावरच. या निरीक्षणाचे मला पैसेही मिळत नाहीत.”

“तुम्हीसुद्धा?” सूनबाईनं विचारलं. “मग तुम्ही नाही केलात अर्ज? या जागेला?”

“अशाच एका जागेला केला होता, गेल्या वर्षी. निरीक्षणाच्या दिवशी मी माझ्या मुलांना तीनदा विनवलं, कॅमेरे उघडा म्हणून. एकानंही उघडला नाही.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “मी जे पाहिलं तेच लिहीन. हिरव्या रंगाबद्दल मला कुणी विचारलेलं नाही, तेव्हा ते मी लिहिणार नाही. आणि तुम्ही आता बोलू नका. नर्स आहेत ना सासूबाई? त्यांना सांगा, गप्प करा हिला.”

मला त्या बाईंना जाऊन मिठी मारावीशी वाटली. त्यांच्या कपड्यांच्या घड्या घालून द्याव्यात असंही वाटलं.

जागा सूनबाईला मिळाली. ती बातमी तिनं मला बोलून सांगितलीच नाही, नुसती येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मी फोनवर मुलाला कळवलं, तर तो कुठल्याशा ढाब्यावर सगळ्यांसमोर रडला म्हणे. पिवळ्यांना आणि निळ्यांना तिनं सत्र पूर्ण करूनच सोडलं, तेवढे दिवस मी तिच्या घशाशी भांडत काढले. शेवटच्या तासानंतर दोन्ही पडदे धुऊन घडी करताना तीच जास्त हळवी झाली होती.

मग शस्त्रक्रिया झाली, आणि आमच्या घरात मौन आलं.

मी पूर्ण सिस्टर झाले. वेळेवर औषध, वेळेवर वाफ, कोमट सूप, खोकायचं नाही, कुजबुजायचं नाही, खाकरायचं तर मुळीच नाही. सकाळपासून माझी पायपीट चालू. आयुष्यभर मी वाट पाहिली, की एकदा तरी या घरात मला उलट न बोलणारी सून मिळावी. मिळाली, आणि मला घर खायला उठलं. ती खुर्चीत बसून हातांनी खारूताईशी बोलायची, आणि मी स्वयंपाकघरात भांड्यांशी. मनात एकच धास्ती होती, की तो आवाज आलाच नाही तर? वॉर्डात मी असे न आलेले आवाज पाहिले आहेत. ते मी कुणालाही सांगितलं नाही.

शेवटी डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. आज पाच-सहा वाक्यं, हळू, जपून, मोजून. उद्या थोडी जास्त.

मुलगा सुट्टी काढून आला होता. संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. खारूताईनं आधीच आरक्षण केलं होतं, “पहिलं माझं नाव घ्यायचं, आई.” मुलगा बायकोच्या तोंडाकडे असा बघत होता, की त्यालाही तेच हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी शेगडीपाशी होते, सूप ढवळत, पाठमोरी. मुद्दामच. आवाज नाही आला तर माझा चेहरा तिला दिसायला नको होता.

“आई,” सूनबाई म्हणाली.

बारीक, स्वच्छ, नवा आवाज. खारूताईला वाटलं, लाडानं तिलाच ‘आई’ म्हटलं असेल. मुलालाही कळलं नाही. मला कळलं. मी पळी धरून तशीच उभी.

“आई, बसा ना आता तुम्ही. किती वेळ उभ्या राहता.”

खारूताईनं ‘हे चीटिंग आहे’ म्हणून गोंधळ घातला. मुलगा उठला, त्यानं माझ्या हातातली पळी घेतली. आणि मला, जिनं वॉर्डात किती जणांना जाताना पाहून डोळा ओला केला नाही, त्या मला, समोरचं काही दिसेना. जन्मभर मी उभी राहिले. वॉर्डात, स्टुलावर, दारात. बस म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि जिला मोजून पाच-सहा वाक्यं मिळाली होती, तिनं पहिली दोन माझ्यावर खर्च केली.

मी बसले. सूप मुलानं वाढलं, निम्मं टेबलावर सांडलं, आणि मी पुसायला उठले नाही.